जूना बार्न्स कैदी नव्हती

चादरीत गुंडाळून टेबलावर आडवी केलेली तरुणी, भोवती पुरुष, नाकात रबरी नळी. हा फोटो 'मताधिकारासाठी तुरुंगात उपोषण करणारी जूना बार्न्स' म्हणून वर्षानुवर्षे फिरतो आहे. बाई तीच, पण खालची ओळ चुकीची.

बार्न्स (१८९२–१९८२) अमेरिकन पत्रकार होती. १९१३ मध्ये ती 'ब्रुकलिन डेली ईगल' या दैनिकात लागली. मजकूर तिचा आणि सोबतची शाईची रेखाचित्रेही तिचीच. फोटो मात्र ६ सप्टेंबर १९१४ च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड मॅगझिन'मधल्या लेखातला आहे. ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या उपोषणकर्त्या कैदी स्त्रियांना १९०९ पासून नळीने बळजबरीने अन्न घातले जात होते. ते नेमके कसे वाटते हे लिहिण्यासाठी तिने स्वतःवर तो प्रयोग करून घेतला. आधी नाकात कोकेनमिश्रित औषधाचा फवारा, मग नळी.

तिने हे मुद्दाम घडवून आणले असले, तरी ते नुसते नाटक ठरत नाही; धोका खरा होता. नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली तर अन्न थेट फुप्फुसात उतरते. १९१३ मध्ये लंडनच्या हॉलोवे तुरुंगात लिलियन लेंटन या अशाच उपोषणकर्त्या कैदी स्त्रीचे तसेच झाले आणि ती मरता मरता वाचली. फरक एवढाच, की बार्न्सला त्या टेबलावरून उठून घरी जाता येत होते. हे तिने लेखातही लपवलेले नाही.

अमेरिकेत मताधिकारासाठी लढणाऱ्या ॲलिस पॉल यांच्यावर तुरुंगात ही वेळ आली ती १९१७ मध्ये, या फोटोनंतर तीन वर्षांनी.