हॅलोवीनच्या खाऊची झडती कधीपासून सुरू झाली?

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेतली मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) म्हणत दारोदार हिंडतात. घरी परतली की आईबाप पिशवी टेबलावर रिकामी करतात आणि एकेक वेष्टन उलटसुलट करून बघतात. जरा फाटलेलं दिसलं की ते चॉकलेट थेट केरात. ही झडती आता सणाचाच भाग झाली आहे. तिच्यामागची विषाची धास्ती मात्र जुनी नाही, आणि तिची कुळकथा मोठी चमत्कारिक आहे.

शंभर वर्षांपूर्वी काळजी उलटी होती. पोरांपासून घरदार कसं वाचवायचं, हा प्रश्न होता. फाटकं उचकटून नेणं, खिडक्यांना साबण फासणं, गोठ्यातली गुरं सोडून देणं हे त्या रात्री चालायचंच. आपल्याकडे शिमग्याला लाकडं-गोवऱ्या पळवायचे, त्यातलाच प्रकार. मिनेसोटातल्या अनोका गावाने १९२० साली हॅलोवीनची मिरवणूक सुरू केली, ती सकाळी भर रस्त्यात मोकाट गाई दिसू नयेत म्हणून. पुढे मंदीच्या वर्षांत वात्रटपणाची नासधूस होऊ लागली, तेव्हा पोरांच्या हातावर खाऊ ठेवून त्यांना गप्प करण्याची युक्ती गावोगाव रुजली. आयोवातल्या डे मॉइन शहराने तर १९३८ पासून त्यासाठी ३० ऑक्टोबरची वेगळी संध्याकाळच ठेवली. तिथे मुलांना विनोद सांगून खाऊ कमवावा लागतो. म्हणजे ट्रिक-ऑर-ट्रीट हा मुळात सुरक्षेचाच उपाय, पण घरांच्या!

महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं आणि प्रथा थंडावली. १९४७ मध्ये ते उठल्यावर नव्या उपनगरांमध्ये ती दुप्पट जोमाने फिरली. शेजारी मात्र आता पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचे राहिले नव्हते. १९६४ मध्ये लाँग आयलंडवरच्या एका गृहिणीने, दारात आलेली मुलं या खेळाला फार मोठी झालीत म्हणून वैतागून, त्यांच्या पिशव्यांत मुंग्यांच्या विषाच्या चकत्या, तारेची घासणी आणि कुत्र्यांची बिस्किटं टाकली. कुणाला इजा झाली नाही. बाईंवर खटला मात्र झाला. त्यानंतर खाऊ म्हणून मिळालेल्या सफरचंदांत ब्लेड सापडल्याच्या बातम्या झळकू लागल्या आणि १९६८ मध्ये न्यू जर्सीने त्यासाठी कायदाही केला.

या भीतीला खरा मुडदा मिळाला तो १९७४ साली, टेक्सासमध्ये. रोनाल्ड क्लार्क ओब्रायन हा चष्मे बनवणारा माणूस, गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला. पावसाळी संध्याकाळी तो आपल्या आणि शेजाऱ्याच्या मुलांना घेऊन निघाला. एका अंधाऱ्या घराचं दार कुणी उघडेना, म्हणून मुलं पुढे गेली. हा मागे रेंगाळला आणि त्याच घरातून मिळाल्या असं सांगत आंबटगोड पावडरच्या लांब नळ्या घेऊन आला. नळ्यांच्या टोकाला सायनाइड भरून वर स्टेपलच्या पिना मारलेल्या होत्या. त्याचा आठ वर्षांचा मुलगा त्या रात्री गेला. दुसरा एक मुलगा नळी हातात धरूनच झोपलेला सापडला. पिना निघाल्या नाहीत म्हणून तो वाचला. 'त्या' घराचा मालक तेव्हा विमानतळावर ड्युटीवर होता. बापाने मुलांचे विमे उतरवले होते. १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. विष अनोळखी दारातून आलं नव्हतं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते तसंच.

१९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं आणि सात माणसं मेली. हॅलोवीन जेमतेम महिन्यावर होता. काही गावांनी दारोदार फिरण्यावर बंदी घातली, अनेकांनी वेळ आखून दिली. पुढे रुग्णालयं खाऊचे फुकट एक्स-रे काढून देऊ लागली.

समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या वर्तमानपत्री बातम्या चाळून १९८५ मध्ये निष्कर्ष मांडला: अनोळखी माणसाने दिलेल्या खाऊमुळे मूल दगावल्याची किंवा गंभीर जखमी झाल्याची एकही घटना सापडत नाही. ब्लेडच्या कित्येक गोष्टी तर खुद्द मुलांनीच रचलेल्या. याने धास्ती हटेल असं वाटलं असेल तर चूक. २०२२ मध्ये ती फेंटानिल या जहाल अमली पदार्थाच्या रंगीत गोळ्यांच्या रूपाने परत आली.

जीव जातात ते रस्त्यावर. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांची आकडेवारी तपासणाऱ्या संशोधकांना हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या त्याच वारापेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आढळला, चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तर सुमारे दहापट. सर्वांत वाईट वेळ सहाच्या आसपासची: अंधारून येतंय, बाप ऑफिसातून गाडी हाणत घरी येतोय आणि काळ्या झग्यातलं, मुखवट्यातून नीट न दिसणारं पोर समोरच्या घराकडे धावतंय. म्हणून मुखवट्याऐवजी चेहरा रंगवा, कपड्यांवर चमकणारी पट्टी लावा, रस्ता कोपऱ्यावरच ओलांडा असं सांगतात. पिशवीच्या झडतीइतका हा सल्ला कुणी मनावर घेत नाही, हे माझं मत.

खाऊतला एक धोका मात्र खरा आहे: शेंगदाणे. त्यांची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी २०१४ पासून निळसर-हिरव्या भोपळ्याची मोहीम देशभर पसरली. असा भोपळा ज्या पायरीवर दिसेल, तिथे खाऊच्या जागी छोटी खेळणी किंवा स्टिकर मिळतात.