दाढीचा साबण

ब्रशने फेस काढून चेहऱ्याला लावण्यासाठी बनवलेला साबण. वाडग्यात बसणारी गोल वडी, हनुवटीवर थेट घासायची कांडी आणि डबीत भरलेला लोण्यासारखा मऊ साबण ही त्याची तीन रूपे. अंगाच्या साबणाने मळ सोडवून वाहून जावे एवढीच अपेक्षा असते. दाढीच्या साबणाने मात्र पाणी चेहऱ्यावर धरून ठेवायचे असते. केसातील केराटिन पाणी शोषून मऊ होते आणि ओला केस कोरड्यापेक्षा सहज कापला जातो. फेस दाढी होईपर्यंत सुकू नये आणि पाते त्वचेवरून अडखळत जाऊ नये, या दोन गरजांभोवतीच या साबणातील घटकांचा सारा विचार फिरतो.

हे काम प्रामुख्याने स्टिअरिक आम्लाचे. १८ कार्बन अणूंची साखळी असलेले हे मेदाम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्यापासून बनलेल्या साबणाचा फेस सावकाश येतो, पण बुडबुडे बारीक असतात आणि साय दाट, टिकाऊ होते. खोबरेल तेलात जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचा फेस चटकन आणि भरपूर येतो, पण तितक्याच चटकन विरतो, शिवाय प्रमाण वाढले की त्वचा ओढल्यासारखी होते. म्हणून खोबरेल थोडे आणि स्टिअरिक जास्त, असा जुना बेत. दुसरी खुबी क्षाराची. अंगाची वडी कॉस्टिक सोड्याने बनते आणि कडक होते. दाढीच्या साबणात कॉस्टिक पोटॅशही असते, बऱ्याचदा सोड्याहून अधिक. पोटॅशचा साबण मऊ आणि पाण्यात लवकर विरघळणारा असल्याने ब्रश फिरवताच तो केसांवर येतो. साबण बनताना सुटणारे ग्लिसरीन काढून न घेता आतच ठेवले जाते. लॅनोलिन, म्हणजे लोकरीतला मेद, किंवा बेंटोनाइट मातीही काही साबणांत घसरणीसाठी घालतात.

युरोप-अमेरिकेत या स्टिअरिक आम्लाचा जुना पुरवठा जनावरांच्या चरबीतून होई. गायीगुरांच्या आणि मेंढ्यांच्या चरबीत ते साधारण पाचवा हिस्सा असते, सोबत चौथा हिस्सा पामिटिक आम्ल. ती खाटीकखान्यातून स्वस्त मिळे. तिच्यात खोबरेल मिसळले, वरून थोडे मोकळे स्टिअरिक घातले की उत्तम साबण तयार होई. लंडनच्या सेंट जेम्स भागातील, १७९०पासून चालत आलेले डी. आर. हॅरिस आणि मेफेअर भागातील, १८७५चे जिओ. एफ. ट्रम्पर या दुकानांच्या लाकडी वाडग्यांतील वड्या अशाच होत्या. साबणाचा कीस वाळवून तो रोलरांतून पुन्हा पुन्हा दाबला जाई. त्यामुळे वडी घट्ट होई आणि रोज वापरूनही अनेक महिने पुरे.

१९९६च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने गायींच्या मेंदूरोगाचा माणसातील नव्या रोगाशी संबंध असण्याची शक्यता मान्य केली. युरोपीय संघाने ब्रिटिश गोमांसाबरोबर त्यापासून मिळणाऱ्या चरबीच्या निर्यातीवरही बंदी घातली. चरबीवरची बंदी काही महिन्यांतच सैल झाली, पण ग्राहकाच्या मनातली शंका राहिली. शाकाहारी आणि व्हेगन ग्राहक वाढत होते आणि मलेशिया-इंडोनेशियातून पाम तेल मुबलक येत होते. २०००नंतरच्या दशकात लंडनच्या बहुतेक जुन्या घराण्यांनी चरबी सोडून पाम धरला. जर्मनीच्या टाबाक या ब्रँडनेही २०२०च्या आसपास तेच केले. तुर्कस्तानातील आर्को या ब्रँडची कांडी मात्र दीर्घकाळ चरबीवरच राहिली.

डबी तीच, नाव तेच, आत साबण वेगळा, अशी नियमित वापरणाऱ्यांची तक्रार सुरू झाली आणि ती निराधार नव्हती. पाम तेलात पामिटिक आम्ल भरपूर असले तरी स्टिअरिक जेमतेम चार-पाच टक्के असते. चरबीच्या जागी तेवढेच पाम घातले तर साय पातळ होणारच. तरीही ‘चरबी गेली म्हणून साबण बिघडला’ हा निष्कर्ष अर्धवट आहे. फेसाला रेणू ओळखता येतो, तो गायीचा की झाडाचा हे ओळखता येत नाही. ज्या साबणकाराने स्टिअरिक वाढवून आणि पोटॅश-सोड्याचा मेळ पुन्हा बसवून नवे मिश्रण घडवले, त्याचा वनस्पतिजन्य साबण जुन्याच्या तोडीस उतरतो. ज्याने केवळ एका तेलाची जागा दुसऱ्याला दिली, त्याचा उतरत नाही. वेष्टनावर सोडियम टॅलोएट असेल तर चरबी आणि सोडियम पामेट असेल तर पाम, एवढे सहज कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्टिअरिक आम्ल किंवा पोटॅशियम स्टिअरेट यादीत किती वर आहे, हे पाहावे.

बदल सुगंधातही झाला. जुन्या मर्दानी सुवासांचा कणा असलेल्या ओकमॉस या शेवाळासारख्या दगडफुलातील अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल हे घटक अ‍ॅलर्जीमुळे युरोपीय संघाने वर्ज्य ठरवले; २०२१च्या ऑगस्टपासून ते असलेला माल विकता येत नाही. लिलिअल हे सुगंधी द्रव्य १ मार्च २०२२पासून बंद झाले. ग्राहकांच्या आरोग्यासाठी हे रास्तच झाले, मात्र अनेक जुने सुवास यामुळे बदलले.

भारतात चरबीचा प्रश्न युरोपच्या बराच आधी सुटला. अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मुंबईत वनस्पती तेलाचा साबण काढला आणि चरबी नसणे हीच त्याची जाहिरात झाली. बाकी उद्योग मात्र परदेशी चरबी मोठ्या प्रमाणावर आणत राहिला. १९८३मध्ये वनस्पती तुपात गायीची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले, चरबीच्या आयातीवर बंदी आली आणि साबणकारांना तेलांकडे वळावे लागले. त्यामुळे इथल्या सलूनमधली दाढीची वडी आणि ट्यूबमधले क्रीम पाम व खोबरेलावरच वाढले.

स्टिअरिकचा एक समृद्ध साठा मात्र कोकणात आणि गोव्यात घरोघरी ओळखीचा आहे: कोकमाच्या बियांचे मुठेल. टाचांच्या भेगांना लावायच्या या घट्ट, पांढुरक्या मेदात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असते, म्हणजे चरबीच्या दुपटीहून जास्त. परदेशातील काही छोटे साबणकार ते दाढीच्या साबणात वापरतात. पाम तेलासाठी तुटणाऱ्या जंगलांचा विचार करता, कोकमाच्या बियांना इथल्या दाढीच्या साबणात जागा मिळायला हवी.