ॲकूस्टिक गिटारचा सेटअप

स्टीलच्या तारांची ॲकूस्टिक गिटार कमी जोरात दाबली जावी आणि तरीही सुरात, स्वच्छ बोलावी म्हणून तिच्या तारा, मान, नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि सॅडल (धडावरच्या ब्रिज या तुकड्यात बसवलेली, बहुधा हाडाची पट्टी) यांची जी जुळणी करतात, तिला सेटअप म्हणतात. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. फ्रेटपासून तारेच्या उंचीला वादक ‘ॲक्शन’ म्हणतात. ‘गिटार कडक आहे’ ही तक्रार बहुतेक वेळा या उंचीचीच असते.

नवशिके एफ कॉर्डपाशी, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागणाऱ्या सुरमेळापाशी, अडतात. बोटे अजून तयार नाहीत, रियाज वाढवा, असे त्यांना सांगितले जाते. घट्टे पडेपर्यंत थोडे दुखते हे खरे, पण कित्येकदा दोष बोटांचा नसून नटचा असतो. स्वस्त गिटारच्या नटच्या खाचा पुष्कळदा उथळच सोडलेल्या असतात, कारण खाच जास्त खोल गेली तर तार झणझणते आणि नटच बदलावा लागतो. याची परीक्षा दोन मिनिटांत होते. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून तोच एफचा आकार एक घर पुढे धरावा. हात एकदम हलका पडला तर नट उंच आहे असे समजावे. अशा गिटारवर महिनोन्‌महिने झगडून शिकणे सोडून दिलेली मुले पुण्यात घरोघरी सापडतील, आणि त्यांना कोणी ही परीक्षा सांगितलेली नसते.

वाद्य कारागिराकडून लावून घेण्याची रीत इकडे जुनीच आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांचे कसब जवारीत दिसते. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा किंचित उताराचा घासून तार त्यावर हलकेच स्पर्शत ठेवली की नाद खुलतो. गिटारला हेच वर्ज्य आहे. नट आणि सॅडल यांच्या एका नेमक्या कडेवर तार टेकली पाहिजे. कड बोथट झाली की गिटार सतारीसारखी झणझणू लागते, आणि वादक उगाच फ्रेटवर संशय घेतो. उंच ॲक्शन हा मात्र नेहमीच दोष नसतो. गिटारवादक ब्रिजभूषण काबरा यांनी रागसंगीतात रुजवलेली आडवी गिटार तारेवरून धातूची कांडी सरकवून वाजवतात. तिथे तारा मुद्दाम उंचच लागतात.

सेटअपमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी ज्या तारा पुढेही वापरायच्या त्याच चढवाव्यात आणि गिटार सुरात लावावी. जाडीवरून संचांना ‘बाराचा’, ‘अकराचा’, ‘दहाचा’ म्हणतात. बाराच्या संचात सर्वांत बारीक तार 0.012 इंचाची असते आणि सहा तारा मिळून मानेवर 70 किलोंहून जास्त ओढ पडते. अकराच्या संचातल्या बारीक तारेचा ताण बाराच्या तारेपेक्षा साधारण 16 टक्क्यांनी कमी भरतो. आवाजाचा भरदारपणा थोडा जातो, पण शिकणाऱ्याने हा सौदा बेलाशक करावा. तारा न बदलता सर्व गिटार अर्धा सूर उतरवली तरी ताण सुमारे 11 टक्क्यांनी घटतो.

मग मान. तारांच्या ओढीने ती किंचित पुढे झुकते आणि आतली ट्रस रॉड ही सळई ती ओढ तोलून धरते. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांनी 1921 मध्ये या सळईच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. मान तपासताना पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा, जाड तार मान धडाला मिळते तिथे दाबायची आणि तार आणि सातवा फ्रेट यांमधली फट मोजायची. ती 0.2 ते 0.3 मि.मी. असावी. त्यासाठी दुचाकीचे मेकॅनिक टॅपेट लावायला वापरतात तेच फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) चालते. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात ते मागावे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळून पुन्हा सुरात लावायची आणि मगच मोजायचे. जोर लावूनही ती फिरत नसेल तर हात काढून घ्यावा, कारण पिळून तुटलेली सळई म्हणजे जवळपास गेलेली गिटार. मानेनंतर नटची खाच. त्यासाठी तारेच्या जाडीची कानस लागते, म्हणून हे काम कारागिराकडेच द्यावे.

सॅडल शेवटी. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची सुमारे 2.4 आणि बारीक तारेची 1.7 मि.मी. असली की बहुतेकांचा हात सुखावतो. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, त्यामुळे तिथे जेवढे उतरायचे त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावे लागते. समजा उंची 3.2 भरली आणि 2.4 हवी आहे, तर सॅडल 1.6 मि.मी. घासायचा. घासायचा तो तळाकडून. सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवायचा, पेन्सिलीने तळावर रेघ मारायची आणि सॅडल उभा धरून सावकाश ओढायचा. तळ वाकडा झाला तर तो ब्रिजमध्ये नीट बसत नाही, आणि खाली पिकअप (आवाज टिपून स्पीकरकडे पाठवणारी पट्टी) असेल तर एखादी तार दबकी ऐकू येते.

पुण्यात या सगळ्याला ऋतूची जोड आहे. एप्रिलच्या दुपारी धुतलेला शर्ट तासाभरात वाळतो, जुलैत तोच तीन दिवस दोरीवर असतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांची दारे पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकतात. गिटारचे लाकूडही तसेच फुगते. ओलाव्याने वरची फळी ब्रिजपाशी वर येते, ॲक्शन चढते. उन्हाळ्यात फळी बसते, तारा फ्रेटला घासू लागतात आणि मानेच्या कडेने फ्रेटची टोके बोटांना टोचतात. गिटार 45 ते 55 टक्के आर्द्रतेत ठेवावी असे उत्पादक सांगतात. एवढे सांभाळायचे तर पावसाळ्यात गिटारच्या पेटीत सिलिका जेल आणि उन्हाळ्यात बंद डबीत ओला स्पंज एवढ्यानेही बराच फरक पडतो.

म्हणून ऑगस्टमध्ये सॅडल घासू नये. त्या महिन्यात चढलेली उंची पावसाची असते. ती घासून उतरवली तर मार्चमध्ये तार झणझणू लागते, आणि काढलेले हाड परत लावता येत नाही. नित्य वाजवणाऱ्याने एकाच लांबी-जाडीचे पण वेगळ्या उंचीचे दोन सॅडल करून घ्यावेत, एक पावसाळ्याचा आणि एक उन्हाळ्याचा उंच. वापरात नसलेला पेटीच्या कप्प्यात, तारांच्या पाकिटात ठेवावा.