एकाच 'स्लिप'मधले तीन प्रकार : कोकणातील ओले चढ, जागेवर फिरणारी चाके आणि टायरची झीज

पावसाळ्यात टायर जास्त झिजतो की कमी, या प्रश्नावर कोकणात दोन ठाम मते ऐकू येतात, आणि दोन्ही मते बाळगणाऱ्यांचे आयुष्य स्टिअरिंगमागे गेलेले असते. पहिले मत असे की पाणी रबराला थंड ठेवते. वैशाखातला तापलेला डांबरी रस्ता जेवढे रबर खातो तेवढे आषाढातला भिजलेला रस्ता खात नाही, म्हणून चार महिने टायरला विश्रांतीच असते. दुसरे मत वाडीतून मुख्य रस्त्याला लागणाऱ्या उभ्या चढणीवर, कशेडी-परशुरामसारख्या घाटांत आणि चिरेखाणीच्या लाल वाटेवर तयार झालेले आहे. एका पावसाळ्यात मागचे टायर गोटा होतात, म्हणजे नक्षी जाऊन गुळगुळीत होतात, हे तिथल्या चालकाने डोळ्यांनी पाहिलेले असते. खरे तर पहिले मत धावत्या चाकाविषयी आहे आणि दुसरे जागेवर फिरणाऱ्या चाकाविषयी. या विषयावरील बहुतेक वाद मात्र एका शब्दापाशी येऊन अडतात, आणि म्हणून या टिपणात त्या शब्दाला इतिहासापेक्षाही जास्त जागा द्यावी लागत आहे.

तो शब्द म्हणजे 'स्लिप'. बातमीत 'रस्ता निसरडा झाल्याने वाहन घसरले' असे छापून येते, त्यातून चाक अडकले होते, आडवे सरकले होते की जागेवर फिरत होते, हे कळत नाही. गॅरेजमध्ये 'गाडी चढावर स्लिप मारते' असे सांगितले की मिस्त्रीचे लक्ष आधी क्लचप्लेटकडे जाते. त्यात त्याची चूक नाही, कारण इंजिन ओरडते पण गाडी चढत नाही ही तक्रार क्लचप्लेट झिजल्यावरही अगदी अशीच असते. फरक ओळखायचा तर चढणीवर गाडी अडली असता कुणीतरी खाली उतरून मागचे चाक पाहावे लागते. चाक उभे असेल तर दोष क्लचचा आणि फिरत असेल तर पकडीचा. भर पावसात, मागे वाहनांची रांग लागलेली असताना ही पाहणी क्वचितच होते.

क्लच बाजूला ठेवला तरी टायरचे घसरणे तीन प्रकारचे आहे. ब्रेक करकचून लागला की चाक थांबते आणि गाडी पुढे सरकत राहते. वळणावर वेग जास्त असला की चाक फिरते, पण गाडी आडवी जाते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला आणि पकड पुरली नाही की गाडी उभी राहते आणि चाक फिरत राहते. रबर हे तीनही प्रसंग वेगवेगळ्या अक्षरांत लिहून ठेवते. अडकून घसरलेल्या चाकावर एकाच जागी चपटा डाग पडतो आणि पुढे त्या डागाची धडधड आत बसलेल्यालाही जाणवते. आडव्या सरकण्याने टायरचा खांदा झिजतो आणि तिथले रबर पिसासारखे विसकटते. जागेवर फिरलेल्या चाकाची झीज पूर्ण परिघावर होते, त्यामुळे ती पाहताक्षणी ध्यानात येत नाही. हात फिरवावा लागतो. नक्षीवर तळवा एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागते, आणि उलट फिरवला तर नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीच्या दात्यासारखी बोटांना अडते. अशा टायरच्या खाचांत जांभ्याचे बारीक खडे रुतलेले असतात आणि काही ठोकळ्यांचे कोपरे उंदराने कुरतडल्यासारखे तुटलेले असतात.

तीन खुणा इतक्या स्पष्ट असतानाही ताफ्याच्या हिशेबात टायर लवकर गेला की दोष सरसकट 'चालकाचे हाकणे' या सदरात टाकला जातो, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला अन्यायाची वाटते. चपटा डाग बऱ्याचदा चालकाच्या किंवा ब्रेकच्या खात्यावर टाकता येतो. परिघभर झालेल्या झिजेत रस्त्याचा चढ, त्यावर वाहून आलेली माती, गाडीतला कमी-जास्त माल आणि टायरचा प्रकार या चारही गोष्टींचा वाटा असतो, आणि त्यांपैकी एकही चालकाच्या हातात नसते.

अभियांत्रिकीत 'स्लिप' या शब्दाला चौथा अर्थ आहे आणि तो या तीनही अर्थांना छेद देतो. चाकाच्या परिघाचा वेग आणि गाडीचा प्रत्यक्ष वेग यांतील तफावत टक्क्यांत मोजली जाते. या मापाने पाहिले तर रस्त्यावर नीट धावणारे, गाडी ओढणारे चाकही एक-दोन टक्के घसरतच असते. त्या बारीकशा घसरण्याशिवाय रबर रस्त्याला ढकलूच शकत नाही. पकड साधारण दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान सर्वांत जास्त मिळते आणि त्यापुढे ती उतरत जाते. गाडी जागच्या जागी आणि चाक गरगर, ही शंभर टक्क्यांची अवस्था. म्हणून 'टायर अजिबात स्लिप होता कामा नये' हे वाक्य गॅरेजमध्ये बरोबर ठरते आणि प्रयोगशाळेत चूक.

या शंभर टक्क्यांची किंमत साध्या हिशेबाने काढता येते. ताशी 30 किलोमीटर वेगाने चाक जागेवर एक मिनिट फिरले तर रबर रस्त्यावर 500 मीटर घासले जाते. धावत्या चाकाचे घसरणे एक टक्का धरले तर एवढे घासले जाण्यासाठी गाडीला 50 किलोमीटर जावे लागते. त्यात आणखी एक गोष्ट विसरली जाते. साध्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेच्या, गाडीत एक चाक उभे राहून दुसरे फिरते तेव्हा स्पीडोमीटर दोन्ही चाकांची सरासरी दाखवतो. काटा 30 वर असेल तर फिरणारे चाक प्रत्यक्षात 60 च्या वेगाने फिरत असते आणि मिनिटात एक किलोमीटर घासले जाते. रुतलेल्या गाडीचे चाक काट्यावरील 55 च्या पुढे फिरवू नये, अशी सूचना अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत असते, ती याचमुळे. त्या वेगाला टायर फुटून जवळ उभ्या माणसाला इजा होऊ शकते.

आता पाण्याकडे. ओल्या रस्त्यावर घर्षण कमी असते आणि उष्णता वाहून जाते, म्हणून तेवढ्याच घसरण्यात कोरड्या रस्त्यापेक्षा कमी रबर जाते. पहिल्या मताचे हे बळ आहे. मात्र पंक्चर काढणारा माणूस रबर कापण्याआधी सुरी पाण्यात बुडवतो, हे ज्याने पाहिले असेल त्याला दुसरी बाजू समजावून सांगावी लागत नाही. ओले रबर धारेला सहज वश होते. डांबरातून सुटी झालेली काळ्या दगडाची खडी आणि साइडपट्टीवरून वाहत आलेले जांभ्याचे कडक खडे ओल्या टायरमध्ये जसे घुसतात तसे कोरड्यात घुसत नाहीत. शिवाय चाक एकाच जागी फिरत राहिले की त्याच्याखालचे पाणी काही क्षणांत उडून जाते. चढणीवर अडलेल्या टेम्पोच्या मागच्या चाकाखालून भर पावसात वाफ निघते आणि जळक्या रबराचा वास येतो, तो त्यामुळेच. तिथून पुढची झीज ओल्या रस्त्यावरची म्हणताच येत नाही.

याच कारणाने आषाढातल्या सलग धारेपेक्षा श्रावणातला ऊनपाऊस टायरला महाग पडतो. झाडाखालचा पट्टा ओला, शेवाळलेला, आणि हाताच्या अंतरावर उन्हात सुकलेले डांबर. ओल्यात गरगरणारे चाक वेगासकट कोरड्यावर येते, एकदम पकड घेते, आणि ठोकळ्यांचे कोपरे तेव्हाच तुटतात. त्या हिसक्याने कधी कधी ॲक्सलही जातो. मृगाच्या पहिल्या सरींत धूळ, तेल आणि उन्हाळाभर साचलेली रबराची भुकटी यांचा बुळबुळीत थर होतो, त्यावरही चाके फिरतात. पण पुढच्या दोन-तीन जोरदार पावसांत तो थर धुऊन जातो.

टायरचा जुना इतिहास इथे थोडक्यात पुरे. हवेचा व्यवहार्य टायर 1888 मध्ये आला, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काजळी मिसळल्याने रबर कितीतरी पटींनी टिकाऊ झाले, आणि 1946 मध्ये रेडियल, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेला सरळ जाणाऱ्या, बांधणीचे पेटंट घेतले गेले. पाण्याच्या थरावर टायर तरंगण्याच्या प्रकाराचा अभ्यास 1960 च्या दशकात अमेरिकेत विमानांच्या चाकांसाठी झाला. त्यातून निघालेल्या सूत्राने 32 पौंड हवेचा टायर साधारण ताशी 94 किलोमीटरला तरंगू लागतो. कोकणातल्या घाटचढणीला या सूत्राचा उपयोग नाही, कारण तिथे चाक फिरू लागते ते चालण्याच्या वेगाला, आणि तेही पाण्याच्या खोलीमुळे नव्हे तर रबर आणि दगड यांच्यामध्ये राहिलेल्या चिखलाच्या पातळ पापुद्र्यामुळे.

आपल्याकडची खरी गोष्ट 1980 आणि 1990 च्या दशकांतली आहे. मुंबई-गोवा रस्ता तेव्हा 17 क्रमांकाचा, दुपदरी. ट्रकांना नायलॉनचे आडव्या-तिरप्या थरांचे टायर असत आणि नक्षी संपली की ते रिमोल्ड होऊन, म्हणजे नवे रबर चढवून, परत येत. रिमोल्ड टायर मागच्या चाकांना लावण्याची रीत होती, कारण पुढचा टायर फुटला तर गाडी हाताबाहेर जाते. रीत सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होती. परंतु गाडी ओढणारी चाके मागचीच, त्यामुळे चढावर जागेवर फिरण्याचा सगळा मार दुसऱ्यांदा चढवलेल्या रबरावर पडे. माल उतरवून रिकामा परतणारा ट्रक भरलेल्या ट्रकापेक्षा जास्त घसरे, कारण मागच्या चाकांवर वजनच नसे. चालक हौद्यात मागच्या बाजूला जांभ्याचे चार-सहा चिरे टाकून ठेवत, त्यामागे हाच विचार होता.

1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 या छोट्या मोटारीने प्रश्नाला उलटे तोंड दिले. तिची पुढची चाके गाडी ओढत. चढावर वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या घाटीवर, म्हणजे उभ्या चढणीवर, फिरू लागतात. जीप किंवा अम्बॅसडर ज्या घाटीवरून जाई तिथे ही मोटार अडे, आणि मग ती वळवून रिव्हर्समध्ये चढवली जाई. तेव्हापासून गोटा होण्याचा मान मागच्या टायरकडून पुढच्याकडेही गेला.

1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण खुली झाली आणि 1999 मध्ये कोलाड ते वेर्णे भरलेले ट्रकच रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली. डिझेलची बचत हा तिचा मोठा लाभ म्हणून सांगितला गेला. घाटांतली टायरची झीज टळणे हा लाभ ट्रकमालकांच्या लेखी तेवढाच मोलाचा. रेल्वेलाही हा प्रश्न सुटलेला नाही. ओल्या रुळावर इंजिनाचे चाक फिरू लागले की चाकाखाली वाळू सोडावी लागते, आणि ही युक्ती जवळपास रेल्वेइतकीच जुनी आहे.

2010 मध्ये महामार्गाचा क्रमांक 66 झाला, पुढे चौपदरीकरण आले आणि त्यासोबत सिमेंट काँक्रीट. काँक्रीट टायर खाते, ही तक्रार तेव्हापासून सर्रास ऐकू येते. काँक्रीट ओले असताना दांतेरी अवजाराने किंवा ब्रशने त्यावर आडव्या रेषा ओढतात, पाण्याला वाट मिळावी आणि पकड राहावी म्हणून. जागेवर फिरणाऱ्या चाकाला या रेषा कानशीसारख्या लागतात हे खरे. पण त्याच रेषांमुळे चाक जागेवर फिरण्याची वेळ कमी येते, हेही खरे. लेखकाच्या मते टायरचे अधिक नुकसान काँक्रीट आणि डांबर जिथे जोडले जातात तिथे होते, जिथे वर्षानुवर्षे अर्धवट राहिलेल्या वळणमार्गांवर खडी सुटी पडलेली असते आणि गौरी-गणपतीला निघालेल्या चाकरमान्यांची रांग चढावर पुनःपुन्हा थांबून पुनःपुन्हा सुटते. थांबलेली गाडी ओल्या चढावर सुरू करणे म्हणजे दर वेळी थोडेसे रबर तिथे ठेवून येणे.

ते रबर कुठे जाते, हा प्रश्न अलीकडचा आहे. 2020 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील संशोधकांनी असे दाखवले की टायर टिकावा म्हणून रबरात घातल्या जाणाऱ्या एका रसायनापासून हवेतील ओझोनच्या संपर्काने तयार होणारे द्रव्य पावसासोबत ओढ्यांत उतरते आणि तिथल्या कोहो जातीच्या सॅमन माशांना मारते. त्यानंतर युरोपने 2024 मध्ये टायरच्या झिजेवरच मर्यादा घालण्याची तरतूद केली. आपल्या घाटांतले पाणीही वहाळातून खाडीलाच जाते.

भारतात मोटारीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल असावी असा नियम आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि आंबोलीसारख्या ठिकाणी त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशासाठी वेगळा आकडा नाही. 1 ऑक्टोबर 2022 पासून नव्या रचनेच्या आणि 1 एप्रिल 2023 पासून जुन्या रचनेच्या टायरनाही ओल्या रस्त्यावरील पकडीची चाचणी लागू झाली, आणि हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ही चाचणी आंतरराष्ट्रीय नियमावलीवर बेतलेली आहे आणि तीत ओल्या रस्त्यावर टायर ब्रेक लावल्यावर कसा थांबतो एवढेच मोजतात. म्हणजे वरच्या तीन प्रकारांपैकी पहिलाच. त्याच नियमावलीत बर्फाळ देशांच्या टायरसाठी, चाक मुद्दाम फिरवून ते गाडी किती ओढते, याची निराळी चाचणी आहे. ओल्या चढासाठी तशी चाचणी नाही.