मूठ अडकते की रेस चढून राहते?

"गाडी रेस धरी ऱ्हायनी भो." जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही दुचाकीच्या गॅरेजवर ही तक्रार ऐकू येते. या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी असतात. एकात एक्सलरेटरची मूठ सोडली तरी परत फिरत नाही. दुसऱ्यात मूठ निमूट परत येते, पण इंजिनच खाली उतरत नाही. एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून केबल नवी टाकूनही रेस तशीच राहिलेल्या गाड्या हमखास दिसतात.

ओळखायला पाना लागत नाही. गाडी बंद करून डबल स्टँडवर लावा, मूठ पूर्ण पिळा आणि एकदम सोडा. ती टक् आवाज करत मागे आली पाहिजे. हँडल सरळ असताना, डावीकडे वळवून, उजवीकडे वळवूनही. कुठेही रेंगाळली तर दुखणं पहिलं.

त्यात आधी मूठच बघा. रबर आत सरकून स्विचच्या डब्याला घासत असतं, किंवा गाडी पडल्यावर टोकाचं वजन मुठीला टेकलेलं असतं. हे पाच मिनिटांचं काम. हँडलला रोज अडकवली जाणारी जड पिशवीही केबल दाबते, आणि ती काढायला सांगितली की मालकाला पटत नाही.

मग केबल. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ केबलच्या उघड्या टोकातून आत जाते, पावसाळ्यात पाणी जातं, आणि आतली तार गंजते. वरचं टोक सोडवून तारेच्या कडेने पातळ तेल थेंब थेंब सोडा. खालून स्वच्छ तेल निघेपर्यंत तार वरखाली करत राहा. ग्रीस घालू नका, ते धूळ धरून ठेवतं. टोकाशी तारेचा एक जरी पीळ तुटून उभा राहिलेला दिसला तर तेलाचा नाद सोडून केबल बदला. जोडताना मुठीला थोडा मोकळा खेळ ठेवा. बहुतेक साध्या गाड्यांना २ ते ६ मिलिमीटर असतो. खेळ अजिबात नसेल तर चालू गाडीचं हँडल वळवताच आपोआप रेस वाढते.

दोन्हींच्या मधला एक प्रकार भल्याभल्यांना चकवतो. मूठ अडकलेली नसते, लुळी असते. हाताने पुढे ढकलली तर येते, पण मागे खेचणारा जोर नाही, आणि रेस चढलेलीच. एका केबलच्या गाडीत ही केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. परत आणायचं काम कार्बोरेटरमधली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातली, स्प्रिंग करते. आतला स्लाइड, म्हणजे केबलने वर ओढला जाणारा सरकता तुकडा, धुळीने किंवा वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने वरच अडकला की तार सैल पडते. इथे केबलला तेल पाजून उपयोग नाही; स्लाइड काढून पुसायचा, ओरखडे असतील तर बदलायचा, आणि एअर फिल्टर बघायचा, कारण धूळ तिथूनच आली.

आता दुसरं दुखणं. मूठ टक् करून परत आली, तरी सिग्नलला गाडी घुमत राहते आणि सावकाश खाली येते. स्लो, म्हणजे मूठ सोडल्यावरची इंजिनाची मंद गती, वाढवून ठेवलेला नसेल, तर इंजिन बहुधा बाहेरून हवा घेतंय. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला रबरी जोड तडकतो किंवा ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, चपटी होते. भुसावळच्या उन्हाळ्यात रबर लवकर कडक होतं. त्या फटीतून जादा हवा शिरते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि रेस वर राहते. गाडी स्लोवर ठेवून जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर फट तिथेच. पेट्रोल मारून तपासणारे आहेत, तापलेल्या इंजिनावर तो जिवाशी खेळ आहे. स्लोचा स्क्रू कमी करून रेस उतरवणंही फसवं आहे. फट तशीच राहते आणि सकाळी थंड गाडी धरत नाही.

धुळ्याजवळच्या लळिंगच्या घाटात रेस अडकली तर मात्र निदान करत बसू नका: क्लच दाबा, हँडलवरच्या किल स्विचने (इंजिन बंद करायचं बटण), ते नसेल तर चावीने इंजिन बंद करा, ब्रेक लावत कडेला या. हँडल लॉक होईल इतकी चावी फिरवू नका.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) गाड्यांपैकी बहुतेकांना कार्बोरेटर नाही, पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आहे. मूठ आणि केबल बहुतेकींना तशीच, म्हणून पहिलं दुखणं आणि त्याचा इलाज तोच. रेस चढून राहिली तर रबरी जोडासोबत थ्रॉटल बॉडीतला (मुठीने उघडणारा हवेचा मार्ग) काजळीचा थर आणि स्लो सांभाळणारा व्हॉल्व्हही तपासावा लागतो. तिथला सीलबंद स्क्रू हलवू नका. स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडे जा.