गावठी वाणाची नोंदणी: फॉर्म सोपाय, घोडं अडतं भलतीकडेच

परवा परत एकाचा अर्ज त्रुटी काढून माघारी आला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. नाचणी, भात, घेवडा, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं बियाणं 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याच्या, गटाच्या नाहीतर गावाच्या नावावर नोंदवता येतं. प्राधिकरण दिल्लीत, शाखा पुण्यात. चंद्रपूरचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून तयार केलेला एचएमटी तांदूळ देशभर पोचला, पण त्यांच्या हाती फारसं काही राहिलं नाही, हे आठवा, म्हणजे कागद कशाला लागतो ते कळेल.

पहिली गोष्ट, शेतकऱ्याला फी नाही. कायद्यातच माफ आहे. रजिस्ट्रेशन फी म्हणून कोणी पाच हजार मागत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. दुसरं, "आमचं वाण जुनं आहे, चालेल का?" अहो, जुनंच पाहिजे! शेतकरी वाणाला नवीनतेची अट नाही. आपलं पीक अधिसूचित यादीत, म्हणजे सरकारने नोंदणीसाठी जाहीर केलेल्या पिकांत, आहे का तेवढं मात्र आधी बघा.

आता अडतं कुठे, तर वेगळेपणाच्या रकान्यात. लोक लिहितात "चवीला गोड, भाकरी मऊ होते". खरं असेल, पण तपासणारा भाकरी खाऊन बघत नाही ना, त्याला फुलोरा किती दिवसांनी आला, झाडाची उंची, कणसाचा आकार, दाण्याचा रंग आणि शेजारच्या कुठल्या वाणापेक्षा नेमकं काय वेगळं, हे पाहिजे. आणि हे सगळे जण काढणी झाल्यावर अंदाजाने भरतात! एका आजींना मी विचारलं फुलोरा कधी येतो, त्या म्हणाल्या "पोळ्याच्या आसपास". म्हणजे पेरणीपासून किती दिवस ते मोजायला परत एक हंगाम थांबलो. तेव्हा उभ्या पिकातच वही घेऊन जा आणि फोटो काढा.

अर्जावर शिफारशीची सही हा दुसरा डोंगर. गावातली जैवविविधता समिती, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक, आदिवासी विकास कार्यालय, यातल्या एकाची चालते. ही समिती बहुतेक ठिकाणी कागदावरच असते, अध्यक्ष कोण ते अध्यक्षालाच माहीत नसतं. मग ऑफिसात गेलं की "हे आमच्याकडे नाही" ऐकून परत. नियमाची प्रिंट सोबत ठेवा, समोर धरली की सूर बदलतो.

नाव ठेवतानाही जपून. वाणाच्या नावात गावाचं नाव घातलं की रजिस्ट्रार हरकत घेऊ शकतो, नुसते आकडे तर चालतच नाहीत.

पुढे चाचणी, मग प्राधिकरणाच्या जर्नलमध्ये जाहिरात, त्यानंतर तीन महिने हरकतीला. प्रमाणपत्र पिकांना आधी सहा वर्षांचं असतं, नूतनीकरण करून पंधरापर्यंत जातं. लोक पंधराच ऐकतात आणि सहाव्या वर्षी झोपतात.

चाचणीचं बी पाठवताना त्याला औषध चोळू नका, राखसुद्धा झटकून साफ करा. आणि अर्धं तरी घरी ठेवा, सगळंच पाठवून पेरणीला दुकानातून पिशवी आणलेला माणूस मी बघितलाय.