मानुफाक्तुरा (वूच)

मानुफाक्तुरा : पोलंडमधील वूच शहरातले, जुन्या कापडगिरणीच्या आवारात उभे राहिलेले खरेदी व करमणुकीचे संकुल. क्षेत्रफळ सुमारे २७ हेक्टर. ते १७ मे २००६ रोजी लोकांसाठी खुले झाले. गिरणीच्या साचेखात्याच्या (विणाई विभागाच्या) इमारतीत नोव्हेंबर २००८ पासून वूचच्या कलासंग्रहालयाचे (मुझेउम श्तुकी) ‘एमएस२’ हे दालन आहे. दुरुस्त करून जपलेल्या औद्योगिक वास्तूत, दुकानांच्या शेजारी आधुनिक व समकालीन कला मांडण्याच्या प्रथेचे हे युरोपातील एक ठळक उदाहरण आहे. शहराचे नाव रोमन अक्षरांवरून मराठीत ‘लोड्झ’ असेही लिहितात. पोलिश उच्चार मात्र ‘वूच’ आणि अर्थ ‘नाव’, म्हणजे होडी.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वूच काही शे वस्तीचे गाव होते. रशियाच्या अमलाखालील पोलंडमध्ये १८२० च्या दशकात इथे विणकरांना वसवायला सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर वस्ती पाच लाखांच्या आसपास पोचली होती. पोलिश, जर्मन आणि ज्यू अशा तिन्ही समाजांनी हे शहर घडवले. लोक त्याला ‘पोलंडचे मँचेस्टर’ म्हणत. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला इथली रचना समजावून सांगावी लागत नाही. भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर मालक, गिरणी आणि कामगार तिघेही होते. इझराएल पोझ्नान्स्की (१८३३–१९००) याने १८७० च्या दशकात ओग्रोदोव्हा रस्त्यावर गिरणी बांधायला घेतली. तिचे सूतखाते हिलारी मायेव्स्की या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार लाल विटांत उभे राहिले. गिरणीला खेटून मालकाचा राजवाडा आणि रस्त्यापलीकडे कामगारांची विटांची घरे. या घरांना तिथे ‘फामुवी’ म्हणतात. राजवाड्यात आता शहराचे संग्रहालय आहे. १८९२ च्या मे महिन्यात वूचच्या गिरणी कामगारांनी मोठा संप केला आणि झारच्या सैन्याने तो बळाने मोडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर गिरणी सरकारी झाली आणि तिला क्रांतिकारक यूलियान मार्ख्लेव्स्की याचे नाव मिळाले. हे नाव पोलंडच्या इतिहासात राहिले ते तिथल्या बायांमुळे. डिसेंबर १९७० मध्ये सरकारने खाद्यपदार्थांच्या किमती वाढवल्या. बाल्टिक किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांवर गोळ्या चालल्या, सत्तेवरचा नेता बदलला, तरी भाववाढ कायम होती. १० फेब्रुवारी १९७१ ला मार्ख्लेव्स्की गिरणीत काम थांबले आणि संप शहरभर पसरला. संपकऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. पाळी संपवून रांगेत उभे राहणे आणि मिळेल त्यात घर चालवणे त्यांच्याच वाट्याला होते. पंतप्रधान स्वतः वूचला आले, त्यांच्यापुढेही बाया हटल्या नाहीत. १५ फेब्रुवारीला भाववाढ मागे घेतली गेली. मानुफाक्तुराविषयीच्या कोणत्याही लिखाणात या पाच दिवसांना वास्तुशैलीपेक्षा कमी जागा मिळू नये. १९९० च्या दशकात सोव्हिएत बाजारपेठ नाहीशी झाली आणि ‘पोल्तेक्स’ नावाने चाललेली ही गिरणी बंद पडली.

पुढे आप्सिस या फ्रेंच कंपनीने आवार विकसित केले. जुन्या इमारतींच्या विटांना गिलावा केला नाही आणि धुऊन-घासून त्यांचा मूळ लाल रंग वर आणला. काचपोलादाचे नवे बाजारदालन वेगळे व ठेंगणे बांधले, त्यामुळे त्याने जुन्यांच्या उंचीला धक्का लावला नाही. मध्ये मोठा मोकळा चौक आहे. चौकाच्या कडेला उपाहारगृहे, चित्रपटगृह आणि संग्रहालय आहे. प्रचंड सूतखात्यात २००९ साली हॉटेल सुरू झाले. त्याच्या आतले ओतीव लोखंडाचे खांब उघडेच ठेवले आहेत, मार्गिकांमध्ये समकालीन पोलिश चित्रे लावली आहेत आणि आग विझवण्यासाठी छतावर जिथे पाणी साठवत त्या टाकीत आता पोहण्याचा तलाव आहे. कापसाच्या गिरणीला आगीची धास्ती कायमच असे. तिने बांधलेली ही तजवीज आज चैनीच्या कामी येते आहे.

एमएस२ मधला संग्रह मात्र बाजाराची शोभा वाढवण्यासाठी जमवलेला नाही. तो गिरणीच्याच काळातला, त्याच शहरातला आहे. व्वादिस्वाव स्त्शेमिन्स्की या चित्रकाराने पहिल्या महायुद्धात एक हात आणि एक पाय गमावला होता. काताझिना कोब्रो ही शिल्पकार त्याची पत्नी. या दोघांनी चित्रकार हेन्रिक स्ताझेव्स्की व कवी यूलियान प्शिबोश आणि यान ब्झेंकोव्स्की यांच्यासह १९२९ मध्ये ‘आ. एर.’ हा गट काढला. गटाने युरोपभरच्या कलावंतांकडे कामे मागितली. पॅरिसमधल्या ओळखींतून फेर्नां लेजे, हान्स आर्प, सोफी टॉयबर-आर्प, थिओ व्हान डूसबर्ग, माक्स अर्न्स्ट, कुर्ट श्विटर्स अशांची कामे आली, आणि तीही दान म्हणून. १५ फेब्रुवारी १९३१ रोजी वूचच्या नगरसंग्रहालयात हा संग्रह लोकांसाठी खुला झाला. आधुनिक कलेचे कायमस्वरूपी सार्वजनिक संग्रह तेव्हा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यातला एक या धुरकट गिरणीशहराने मिळवला, हे कौतुक कितीही केले तरी थोडेच.

स्त्शेमिन्स्कीच्या विचाराला ‘एकवाद’ म्हणता येईल. चित्रात उठाव नको, विरोध नको, नजर खिळवणारा मध्य नको आणि सगळा पृष्ठभाग एकसमान असावा, असे तो मांडत असे. १९३० च्या दशकातल्या त्याच्या ‘एकवादी रचना’ जवळून पाहाव्यात. रंगाच्या बारीक उंचवट्यांच्या ओळी एकीशेजारी एक, दोऱ्यासारख्या सरकत जातात. दोन पावले मागे गेले की ओळी दिसेनाशा होतात आणि उरते फक्त एक वीण. कापड हातात घेऊन बघायची सवय असलेल्यांच्या शहरात ही चित्रे रंगवली गेली. ती साचेखात्यात पाहताना भिंत आणि चित्र एकाच गोष्टीविषयी बोलतात असे वाटते.

युद्धात नाझींनी संग्रहातली बरीच कामे नष्ट केली. १९४५ च्या हिवाळ्यात, घरात जळण नव्हते म्हणून, लहान मुलीसाठी चूल पेटवायला कोब्रोने आपली लाकडी शिल्पे फोडून जाळली. शिल्प म्हणजे बंद वस्तू नसून अवकाशाशी मोकळे नाते, असे मांडणारी ही बाई. तिची आज उरलेली कामे मोजकीच आहेत. युद्धानंतर संग्रहालयाला मौरित्सी पोझ्नान्स्की याचा राजवाडा मिळाला. हा गिरणीमालक इझराएलचा मुलगा. तिथे १९४८ मध्ये स्त्शेमिन्स्कीने ‘निओप्लास्टिक दालन’ रचले. भिंती, छत आणि शिल्पांच्या बैठका लाल, पिवळा, निळा अशा मूळ रंगांच्या आयतांत विभागून त्यात कोब्रोची शिल्पे ठेवली. १९५० मध्ये, समाजवादी वास्तववाद (समाजवादाचा गौरव करणारी सरकारमान्य कलाशैली) सक्तीचा झाल्यावर, दालन मोडून टाकले गेले आणि स्त्शेमिन्स्कीला तो ज्या कलाशाळेत शिकवत होता तिथून काढले. कोब्रो १९५१ मध्ये वारली, तो १९५२ मध्ये. १९६० मध्ये त्याचा विद्यार्थी बोलेस्वाव उत्किन याने दालन पुन्हा उभारले आणि ते आजही मुलाच्या राजवाड्यातच आहे. संग्रहाचा मोठा भाग २००८ पासून बापाच्या गिरणीत आला. ही नियतीची गंमत म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. कामगारांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या दोन्ही वास्तू अखेर सर्वांच्या झाल्या, हा तिचा अर्थ आहे.

पुढच्या काळात रिषार्ड स्तानिस्वाव्स्की (संचालक, १९६६–१९९१) यांनी संग्रह वाढवला. १९८१ च्या उन्हाळ्यात योसेफ बॉइस हा जर्मन कलावंत कुटुंबासह गाडी घेऊन वूचला आला आणि त्याने लाकडी खोक्यातून आणलेल्या आपल्या शेकडो कलाकृती संग्रहालयाला देऊन टाकल्या. दानाची १९३१ ची रीत पन्नास वर्षांनी अशी पुढे चालली. त्याच वर्षी डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला.

एमएस२ मध्ये मांडणी कालक्रमाने करत नाहीत. १९२० चे चित्र आणि २००० नंतरचा व्हिडिओ एका विषयाभोवती एकत्र येतात. ‘आधुनिकतेचा अॅटलास’ ही २०१४ मधली मांडणी अशीच विषयवार होती. खरेदीला आलेला माणूस कलेच्या इतिहासाची पायरी-पायरी चढायला आलेला नसतो. शरीर, यंत्र, शहर, भांडवल, क्रांती हे शब्द मात्र त्याला ओळखीचे असतात. म्हणून ही पद्धत इथे शोभून दिसते.

गिरणीची इमारत कलेला सोयीची असते आणि अडचणीचीही. यंत्रांचे वजन आणि हादरे सोसायला बांधलेली जमीन जड शिल्प सहज पेलते. मोठ्या पन्ह्याच्या, उंच छताच्या खोल्यांत मांडणशिल्पाला मोकळा श्वास मिळतो. पण विणकराला धागा दिसावा म्हणून ठेवलेल्या मोठमोठ्या खिडक्यांतला उजेड कागदावरच्या चित्रांना घातक असतो. खिडक्या झाकाव्या लागतात किंवा चित्रे आत, स्वतंत्र उभ्या केलेल्या भिंतींवर लावावी लागतात. विटेच्या ऐतिहासिक भिंतीला मनाला येईल तिथे खिळा मारता येत नाही. ठराविक अंतरावरच्या खांबांच्या रांगा मोठ्या चित्राची नजर अडवतात. सुताला दमट हवा लागते, चित्राला स्थिर. म्हणून हवामान-नियंत्रणाचा खर्च अशा दालनात टाळता येत नाही.

अशा प्रयोगांत कलेचा मालक कोण, हा प्रश्न मला सर्वांत कळीचा वाटतो. पोझनान शहरात हुगर घराण्याच्या जुन्या बिअरभट्टीत ग्राझिना कुल्चिक यांनी २००३ मध्ये ‘स्तारी ब्रोवार’ हे खरेदी-केंद्र उभारले. निम्मा व्यापार, निम्मी कला असे त्यांचे सूत्र होते. इगोर मितोराय याचे भव्य मस्तकशिल्प दुकानांच्या मधोमध आले, प्रदर्शने झाली, समकालीन नृत्याचा कार्यक्रमही रुजला. कलेशी माणसाची गाठ जिन्यावर, चालता-चालता पडावी, ही कल्पना वूचपेक्षा अधिक धीट होती. पण २०१५ मध्ये केंद्र एका जर्मन गुंतवणूक-संस्थेला विकले गेले आणि कुल्चिक यांनी आपले संग्रहालय २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सुश या गावी उघडले. वूचचा संग्रह सार्वजनिक संस्थेचा आहे. शेजारची दुकाने कोणाचीही होवोत, तो हलत नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डजवळची १८५३ ची सॉल्ट्स मिल १९८६ मध्ये बंद झाली. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेऊन दुकानांबरोबर डेव्हिड हॉकनीची चित्रे लावली. तूरीनमध्ये फियाटच्या लिंगोत्तो कारखान्याच्या छतावर मोटारींच्या चाचणीची धावपट्टी आहे. खाली दुकाने, वर २००२ पासून चित्रसंग्रह आणि अलीकडे त्या धावपट्टीवरही कलाकृती, अशी तिथली रचना आहे.

मुंबईशी तुलना टाळता येत नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या. २००१ च्या नियमबदलाने शहराला आणि परवडणाऱ्या घरांना मिळणारा वाटा आटला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. चिमणी तेवढी राहिली. गिरणगावाच्या या बदलाची चित्रे मुंबई-ठाण्याच्या परिसरातच रंगवली गेली आहेत. सुधीर पटवर्धन यांचे ‘लोअर परेल’ हे त्यातले एक.

मानुफाक्तुरावरही टीका होते आणि ती रास्त आहे. जिथे हजारोंनी मजुरी केली तिथे आता फक्त विकत घेणाऱ्याचे स्वागत होते, विटा जपल्या पण रोजगार गेला, असे टीकाकार म्हणतात. संग्रहालयाने हा विषय दाराबाहेर ठेवलेला नाही. श्रम आणि भांडवल हे त्याच्या मांडणीतलेच विषय आहेत. ओग्रोदोव्हा रस्त्याच्या पलीकडे फामुवी अजून उभ्या आहेत, त्याच लाल विटांच्या, गिरणीकडे तोंड करून.